नव्या संगणकाआधी घरातले अर्थिंग तपासा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

यंदाचा कापूस विकून हाती आलेल्या पैशांतून, कोणी मुलीच्या टंकलेखन परीक्षेसाठी, कोणी मुलाच्या स्पर्धा परीक्षेच्या सरावासाठी, तर कोणी गावातच अर्ज भरून देण्याचा छोटा व्यवसाय सुरू करावा म्हणून, आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत बऱ्याच घरांनी टेबलावरचा संगणक घेतला आहे. त्यातच मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीला सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा पुरवणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले आणि शहरांतील कार्यालयांनी बदललेली जुनी यंत्रे झाडूनपुसून तालुक्याच्या बाजारात विक्रीला आली. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे काम करणारा कारागीर या नात्याने ही यंत्रे माझ्या टेबलावर येतात. ती ज्या अवस्थेत येतात, ते पाहून हे पत्र लिहावेसे वाटले. उन्हाळा तोंडावर आहे आणि त्यामागोमाग विजांचा काळ येईल, म्हणून आताच लिहितो.

ग्राहक दुकानात जातो तेव्हा रॅम किती जीबी, प्रोसेसर कोणता आणि पडदा किती इंचांचा, एवढे तीन प्रश्न विचारतो. त्याच्या घरातल्या प्लगमध्ये किती व्होल्ट येतात, तिसऱ्या भोकामागे तार आहे की नुसतेच भोक आहे, आणि यंत्र ज्या खोलीत ठेवायचे तिचे छत टिनाचे आहे की स्लॅबचे, हे दुकानदार विचारत नाही आणि ग्राहकही सांगत नाही. माझ्याकडे येणारी नवी यंत्रे वेग कमी पडला म्हणून क्वचितच येतात. ती जळालेल्या एसएमपीएसमुळे (यंत्राच्या भागांना वीज पुरवणारी आतली पेटी), उडालेल्या मदरबोर्डमुळे किंवा लाईन अचानक गेल्याने बिघडलेल्या विंडोजमुळे येतात. चाळीस हजारांच्या यंत्रात दोन हजार रुपये वाढवून प्रोसेसर थोडा वरचा घ्यावा की तेच पैसे घराच्या फिटिंगवर खर्चावेत, असे कोणी मला विचारले, तर आपल्या भागात माझे उत्तर नेहमी दुसरेच असेल.

संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात, ही मी सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार आहे. पुष्कळ लोक त्यावर पायाखाली लाकडी पाट घेऊन किंवा रबरी चप्पल घालून उपाय करतात आणि वर्षानुवर्षे तसेच काम करतात. यात यंत्राचा दोष नसतो. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी काही कपॅसिटर बसवलेले असतात आणि ते फेज व न्यूट्रल या दोन्हींपासून पेटीच्या धातूला जोडलेले असतात. अर्थिंगची, म्हणजे प्लगच्या तिसऱ्या भोकापासून जमिनीत गेलेली, तार शाबूत असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत निघून जातो. ती नसेल तर पेटीवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा, म्हणजे २३० व्होल्टांपैकी सुमारे ११५ व्होल्ट दाब उभा राहतो. प्रवाह क्षीण असल्याने माणसाला धोक्याचा झटका सहसा बसत नाही, परंतु याच अवस्थेत चालू यंत्राला प्रिंटर, टीव्ही किंवा दुसरा संगणक जोडायला गेले की केबल टेकताक्षणी तो दाब नाजूक भागांतून वाट काढतो आणि यूएसबीचे किंवा एचडीएमआयचे पोर्ट जळून जाते. ‘काल नुसता प्रिंटर जोडला आणि संगणक बंद पडला’ असे सांगत येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी मूळ कारण हेच निघते.

आपल्या काळ्या मातीत हा प्रश्न आणखी अवघड होतो. पावसाळ्यात ही माती ओल धरून ठेवते, तेव्हा अर्थिंग उत्तम चालते; परंतु एप्रिल-मे महिन्यांत ती वाळून भेगाळते, गाडलेल्या पाइपपासून किंवा पत्र्यापासून सुटते आणि कागदोपत्री असलेले अर्थिंग प्रत्यक्षात नाहीसे होते. म्हणून खड्डा घेताना जस्तलेपित पाइपाभोवती कोळसा व मिठाचे थर भरण्याची जी जुनी पद्धत आहे, ती सोडू नये. पाइपाचे तोंड जमिनीच्या वर राहील असे ठेवावे आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतावे. या खड्ड्यापासून संगणकाच्या बोर्डापर्यंत सलग तांब्याची तार आली पाहिजे. मीटरजवळ गंजलेल्या खिळ्याला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे.

हे काम झाल्यावर वायरमनकडून मीटर लावून खात्री करून घ्यावी. फेज आणि अर्थ यांच्यातील दाब हा फेज आणि न्यूट्रल यांच्यातील दाबाइतकाच जवळपास दिसला पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात तो दोन-तीन व्होल्टांच्या आत असावा. केवळ मीटरचा आकडा पाहून थांबू नये, फेज आणि अर्थ यांच्यात बल्ब लावून तो पेटतो का, हेही वायरमनकडूनच पाहून घ्यावे, कारण सुटत आलेली तारसुद्धा मीटरला पूर्ण दाब दाखवू शकते. येथे एका वाईट पद्धतीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. काही ठिकाणी खड्डा घेण्याचा खर्च टाळण्यासाठी बोर्डातच न्यूट्रलची तार तिसऱ्या भोकाला जोडून दिली जाते. झिणझिण्या लगेच थांबतात आणि घरमालक समाधानी होतो. मात्र पुढे कधी न्यूट्रल तुटला किंवा दुरुस्तीत तारांची अदलाबदल झाली, तर संगणकाच्या पेटीवर निम्मा नव्हे, पूर्ण २३० व्होल्टांचा दाब येतो आणि तो जीव घेऊ शकतो. असे केलेले आढळले तर ते त्याच दिवशी काढून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवणे हाही त्याच जातीचा प्रकार आहे.

अर्थिंगनंतरचा प्रश्न दाबाचा. गावात पंपांच्या मोटारी आणि घरे एकाच डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, असतील तर मोटारी सुरू होताना दाब खाली जातो, आणि त्या एकदम बंद झाल्या की उसळतो. कमी दाबाने संगणक बंद पडतो, पण बहुधा मरत नाही. त्याला मारतो तो वाढलेला दाब, आणि आपल्याकडे त्याचे सर्वांत भयंकर रूप म्हणजे डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटणे. तसे झाले की एका फेजवरील घरांत दाब पडतो आणि दुसऱ्या फेजवरील घरांत तो ४०० व्होल्टांच्या दिशेने चढतो. पंखा एकाएकी भलत्याच जोराने फिरू लागला किंवा शेजाऱ्याकडे दिवे मिणमिणत असताना आपल्याकडे झगझगू लागले, तर कारण शोधत न बसता मेन स्विच खाली करावा. नुसत्या ‘स्पाइक’ लिहिलेल्या विस्तार-बोर्डावर या बाबतीत भिस्त ठेवू नये. त्यांपैकी पुष्कळांत लाल दिव्यापलीकडे काहीच नसते, आणि ज्यांत संरक्षक भाग खरोखर असतो तोही क्षणभराच्या उसळीसाठी असतो, मिनिटभर टिकणाऱ्या वाढीव दाबासाठी नव्हे.

म्हणून यूपीएस, म्हणजे लाईन गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर वीज देणारी पेटी, ही आपल्याकडे चैन नव्हे, यंत्राचाच एक भाग समजावा. ६०० व्हीए लिहिलेला साधा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस सुमारे ३६० वॉटपर्यंत भार घेतो, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला घरगुती संगणक पडद्यासह साधारण शंभर वॉटच्या आसपास वीज ओढतो. त्यामुळे नव्या बॅटरीवर दहा-पंधरा मिनिटे मिळतात. ही मिनिटे काम चालू ठेवण्यासाठी नसून काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असतात, हे घरातील मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. लेसर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये, कारण कागदावर शाई पक्की करण्यासाठी त्यातील तापक काही क्षण शेकडो वॉट ओढतो आणि तेवढ्याने यूपीएस बसतो. आतील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी उष्णतेने लवकर संपते, आणि आपल्या उन्हाळ्यात तिच्याकडून दोन-अडीच वर्षांपेक्षा अधिक अपेक्षा करू नये. महिन्यातून एकदा, महत्त्वाचे काम उघडे नसताना, भिंतीवरचा खटका बंद करून यूपीएस भार पेलतो की नाही हे पाहिले म्हणजे ऐन वेळी फजिती होत नाही.

घरात इन्व्हर्टर असल्याने यूपीएस लागत नाही, असाही एक समज आहे. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो ‘नॉर्मल’वर असेल तर लाईन जाण्याच्या क्षणी बदल होण्यास इतका वेळ लागतो की संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, शिवाय खूप कमी आणि खूप जास्त दाबही तो तसाच आत सोडतो. ‘यूपीएस’वर ठेवल्यास हा फरक बराच कमी होतो. एवढी एक गोष्ट पाहून घेतली तर काहींचा वेगळा यूपीएस घेण्याचा खर्च वाचूही शकेल.

लाईन आली की लगेच संगणक लावू नये, पाच-दहा मिनिटे दाब स्थिर होऊ द्यावा. यासाठी आणखी एक सोय यंत्रातच असते आणि ती फारच कमी लोकांना ठाऊक आहे. बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगच्या, पानात वीज परत आल्यावर यंत्राने काय करावे याची निवड असते. ती ‘पॉवर ऑफ’वर ठेवली म्हणजे घरात कोणी नसताना दहा वेळा लाईन गेली-आली तरी संगणक आपोआप दहा वेळा उठत-पडत राहत नाही. ज्यांना बायोसमध्ये जाण्याची भीती वाटते त्यांनी दुकानदाराकडून यंत्र घरी आणण्यापूर्वीच एवढे करून घ्यावे.

विजांच्या बाबतीत मात्र यूपीएस, स्टॅबिलायझर, अर्थिंग यांपैकी कशावरही विसंबता येत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील अवकाळी वाऱ्यावादळापासून मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत आपल्याकडे कडकडाट अधिक असतो, आणि त्या काळात खटका बंद करणे पुरेसे नसते. प्लग भिंतीतून ओढून बाहेर काढावा लागतो, कारण खटक्याच्या दोन पात्यांमधील फट विजेच्या लोटाला सहज ओलांडता येते. त्याबरोबर इंटरनेटची तांब्याची केबल आणि पडद्याला जोडलेली डिश अँटेनाची केबलही सोडवावी, हे लोक हमखास विसरतात. वीज खांबावर पडली तर ती तारेने येते, अँटेनाजवळ पडली तर केबलने. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आपल्या परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. शेतात राबणाऱ्या माणसांसाठी ते मोबाइलवर असावेच, आणि प्लग काढण्याची आठवण म्हणूनही त्याचा उपयोग होतो. ढग डोक्यावर येऊन गडगडाट सुरू झाल्यानंतर मात्र तारांना हात लावायला जाऊ नये. तेव्हा यंत्र गेले तरी चालेल.

आता उष्णतेविषयी. टेबलावरचे संगणक बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेनुसार ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत वापरण्यासाठी बनवलेले असतात. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या छताखालील खोली दुपारी बाहेरच्यापेक्षाही तापते. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. ‘संगणक सकाळी चांगला चालतो आणि दुपारी रडतो’ ही तक्रार त्यातूनच येते, आणि त्यावर नवी रॅम टाकून काहीही होत नाही. यंत्र पश्चिमेकडच्या भिंतीला लावू नये, संगणकाच्या टेबलातील बंद कप्प्यात कोंबू नये, मागे वीतभर जागा मोकळी सोडावी आणि मे महिन्यात जड कामे सकाळी उरकावीत. भरतकामाचे सुंदर आच्छादन यंत्र चालू असताना त्यावर घालणाऱ्या घरांना मी वारंवार विनंती करून थकलो आहे.

कूलरचा प्रश्न थोडा नाजूक आहे. उन्हाळ्यात त्याच्याशिवाय माणूसच खोलीत बसू शकत नाही, म्हणून खोलीत कूलर असण्याला हरकत नाही. परंतु संगणक त्याच्या थेट झोतात नसावा. वाळ्याच्या ताट्यांमधून येणाऱ्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. पाणी खारे असेल तर ते सुकल्यावर पांढरा थर मागे राहतो, आणि धुळीत मिसळलेला असा ओला थर मदरबोर्डावर बसला की तो विजेला नको तिथे वाट करून देतो. यंत्र झोताच्या बाजूला ठेवावे आणि खोलीची एक खिडकी उघडी असावी.

कापसाविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण शहरातील कोणत्याही माहितीपुस्तिकेत हे सापडणार नाही. भाव वाढेल या आशेने आपल्याकडे वेचलेला कापूस महिनोन्‌महिने घरातच साठवून ठेवावा लागतो. बहुतेकदा ज्या खोलीत कापसाचा ढीग आहे त्याच खोलीच्या उरलेल्या कोपऱ्यात संगणकाचे टेबल लावले जाते, कारण दुसरी खोली नसते. कापसाचे तंतू धुळीसारखे खाली बसत नाहीत, ते तरंगत राहतात आणि पंख्याच्या ओढीने आत जाऊन प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये वाकळेसारखे गच्च बसतात. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, आत हवा जातच नाही. अशी यंत्रे मी उघडतो तेव्हा पात्यांवरून तंतूंचा अखंड पट्टा सोलून निघतो. तुरीच्या मळणीचा भुसा आणि सोयाबीनची धूळही त्रास देतात, पण कापसाइतका नाही.

याहून गंभीर गोष्ट आगीची आहे. त्याच खोलीत एका विस्तार-बोर्डावर संगणक, पडदा, यूपीएस, कूलर आणि मोबाइलचे चार्जर असा भार लावलेला असतो आणि सैल पिनेतून ठिणग्या पडत असतात. कापसाजवळ सैल प्लग असणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. कूलरसाठी वेगळा बोर्ड घ्यावा, संगणकाचा विस्तार-बोर्ड आयएसआय चिन्हाचा असावा, त्याला दुसरा विस्तार-बोर्ड जोडू नये आणि तो जमिनीवर न ठेवता भिंतीवर ठोकावा. शक्य असल्यास कापूस घरात असेपर्यंत संगणक ओसरीलगतच्या दुसऱ्या खोलीत हलवावा. तीही सोय नसेल तर ढीग आणि यंत्र यांच्यामध्ये जुन्या लुगड्याचा पडदा लावल्यानेसुद्धा पुष्कळ फरक पडतो.

सफाई फार अवघड नाही. प्लग काढून पेटी अंगणात न्यावी, बाजूची झाकणपट्टी उघडावी, रंगाऱ्याच्या कोरड्या कुंचल्याने धूळ सैल करावी आणि ब्लोअर असल्यास त्याने उडवावी. पंखा मात्र काडीने अडवून धरावा, कारण वाऱ्याने तो भन्नाट फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. ओले फडके आत नेऊ नये. एसएमपीएसची पेटी उघडू नये, प्लग काढल्यानंतरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये वीज राहते. होळीनंतर एकदा आणि दिवाळीच्या सफाईत एकदा, असे वर्षातून दोनदा केले तरी पुरे. कापूस साठवलेल्या घरांनी मात्र महिन्याला करावे. त्याच वेळी पेटीच्या मागील रिकाम्या फटींवर लोखंडी पट्ट्या आहेत ना, हेही पाहावे. जोडणी करताना त्या काढून टाकलेल्या असतात आणि मग पाली, उंदीर आत शिरतात. एसएमपीएसमध्ये गेलेली पाल स्वतःही मरते आणि यंत्रही नेते.

जुने यंत्र घेणाऱ्यांसाठी एक खूण सांगतो. ‘आय फाइव्ह आहे’ एवढे ऐकून पैसे देऊ नयेत. आय फाइव्हच्या पुढे जो चार अंकी क्रमांक असतो, त्याचा पहिला आकडा बहुधा पिढी सांगतो: ३४७० म्हणजे तिसरी पिढी, ८४०० म्हणजे आठवी; पाच अंक असतील तर पहिले दोन पाहावेत. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि त्यासाठी टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग लागतो. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या यंत्रावर वाकडीतिकडी वाट काढून ते टाकून दिलेले असते, पण पुढील सुधारणा येतीलच याची हमी राहत नाही. तसे यंत्र स्वस्तात मिळत असेल आणि काम इंटरनेट व लिखाणापुरतेच असेल तर त्यावर उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली घालून घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, बसवली म्हणजे त्या यंत्रात जो फरक पडतो, तो दुसऱ्या कोणत्याही खर्चाने पडत नाही.

नवे यंत्र दुकानातच सुरू करून दिले जाते आणि यात एक फसगत लपलेली आहे. विंडोज ११ पहिल्यांदा सुरू करताना मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. ग्राहकाकडे ते नसते, म्हणून दुकानातील मुलगा आपलेच खाते टाकून देतो. नव्या विंडोज ११ मध्ये, यंत्र त्या योग्यतेचे असेल तर, डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो आणि त्याची ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जमा होते. वर्षभराने मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही फेरफार झाला की निळ्या पडद्यावर ती किल्ली मागितली जाते, तेव्हा तो मुलगा ते दुकान सोडून पुण्याला गेलेला असतो. किल्लीवाचून आतील फोटो, हिशेब, कागदपत्रे कोणालाच, मलादेखील, काढून देता येत नाहीत. खाते स्वतःच्या नावाचे आणि स्वतःच्या मोबाइल क्रमांकाचे असावे आणि ती किल्ली कागदावर उतरवून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवावी. संगणकातच जपून ठेवलेली किल्ली काही कामाची नसते.

इंटरनेट बहुतेकांकडे मोबाइलचेच असते. संगणकात वायफायचा भाग नसला तरी मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘टेदरिंग’ सुरू केल्यास काम भागते. मात्र विंडोजच्या सुधारणा दिवसभराचा डेटा तासाभरात संपवतात, म्हणून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ती जोडणी ‘मीटर्ड’ (मोजका डेटा असलेली) करून ठेवावी आणि आठवड्यातून एकदा, डेटा शिल्लक असताना, सुधारणा उतरवून घ्याव्यात. त्या कायमच्या बंद करू नयेत. अँटिव्हायरस विकत घेण्यासही घाई करू नये, विंडोजमध्ये असलेला डिफेंडर घरगुती कामाला पुरतो. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेन ड्राइव्ह तेवढा उघडण्याआधी त्याने तपासून घ्यावा.

मराठी लिहिण्यासाठी विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही मराठी कळफलक आधीपासून असतात. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की ते मिळतात. कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेला अर्ज ज्या यंत्रात तो फॉन्ट नाही तिथे इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतो, हे तलाठी कार्यालयात कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे. टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्यांनी आपल्या परीक्षेत कोणता कळफलक आहे, ते संस्थेत विचारून त्यावरच पहिल्या दिवसापासून हात बसवावा.

यंत्र जाईल, ही शक्यता धरून चालावे. म्हणून गुणपत्रिका, फेरफार, बँकेची कागदपत्रे आणि लग्नाचे फोटो यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती केबल काढून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली डिस्क वीज पडल्यावर संगणकासोबतच जाते. पडद्यावर एकाएकी लाल पाटी येऊन ‘आपल्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ असे दिसले तर तो फोन करू नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन क्रमांक नसतोच. एनीडेस्कसारखे, दुरून यंत्र चालवू देणारे, ॲप उतरवायला लावणाऱ्या अनोळखी माणसाला यंत्राचा ताबा देऊ नये, आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पावती जीएसटी क्रमांकासह आणि प्रत्येक भागाच्या अनुक्रमांकासह मागावी. सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रात मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएसडी आणि एसएमपीएस यांची हमी वेगवेगळ्या मुदतीची असते आणि ‘वर्षभराची वॉरंटी’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. मात्र वाढलेल्या दाबाने किंवा विजेने जळालेला भाग सहसा हमीत बसत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

घरातील अर्थिंग ही घरमालकाची जबाबदारी आहे. डीपीचे अर्थिंग आणि तिथला न्यूट्रल मात्र वीज वितरण करणाऱ्यांनी सांभाळायचा असतो, आणि तो सैल असेल तर वर सांगितलेली सारी काळजी घेतलेल्या घरातही संगणक जळू शकतो. एकट्या ग्राहकाने फोन करून हे काम होत नाही, असा सर्वांचाच अनुभव आहे. येत्या १ मे रोजी गावोगावी ग्रामसभा होतील. गावठाणातील प्रत्येक डीपीच्या न्यूट्रलची जोडणी आणि अर्थिंग पावसाळ्यापूर्वी तपासून त्याचा लेखी अहवाल ग्रामपंचायतीला द्यावा, असा ठराव या सभांमध्ये करून घेता येईल. त्याच ठरावात शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायतीच्या संगणकांचे अर्थिंग तपासण्याचा विषयही जोडावा. आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले आता बऱ्याच गावांत आहेत, हे काम त्यांच्याकडून ठरलेला मेहनताना देऊन करून घेता येईल. आपल्या वृत्तपत्राच्या तालुका वार्ताहरांनी कोणत्या गावांत असा ठराव झाला आणि कोणत्या डीपीची तपासणी झाली याच्या बातम्या जूनपर्यंत दिल्या, तर बाकीच्या गावांनाही तो मागण्यासाठी आधार मिळेल.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती कारागीर,
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ